‘सिस्टर, मी पाप करतेय का?’

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची स्टाफ नर्स. माहेर नगरकडचं, लग्नानंतर कोपरखैरणेला आले. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. वाशीच्या एका खासगी रुग्णालयात जनरल वॉर्डला होते. मध्यंतरी मेट्रननी लेबर रूम आणि तिला लागून असलेल्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) ड्युटी लावली. तिथे गर्भपातही होतात. गेल्या आठवड्यात तेवीस वर्षांची एक मुलगी आली. दहा आठवडे, लग्न झालेलं नाही, सोबत फक्त मैत्रीण. सलाईन लावताना तिने माझं मनगट धरलं आणि विचारलं, ‘सिस्टर, मी पाप करतेय का?’ मला काही सुचेना. म्हटलं, ‘ते तुझ्या देवालाच विचार.’ ती रडायला लागली आणि मी ट्रॉली घेऊन बाहेर आले. त्याच आठवड्यात नळीत गर्भ राहिलेली एक इमर्जन्सी आली, तेव्हाही माझे हात थरथरत होते. आमच्या प्रार्थना गटातल्या एका काकूंना दोन्ही गोष्टी सांगितल्या (प्रार्थनेचा विषय म्हणूनच, पण मुलीच्या सोसायटीचं नाव बोलून गेले, आणि तिथेच काकूंची बहीण राहते असं नंतर कळलं). काकू म्हणाल्या, ‘दोन्ही खूनच. नोकरी सोड.’ नवरा म्हणतो, ‘सिडकोच्या घराचा हप्ता काकू भरणार का?’ मी या पापात सामील आहे का? नोकरी सोडू का? आणि त्या मुलीला काय सांगायला हवं होतं?
— एक सिस्टर, कोपरखैरणे

उत्तर : सिस्टर, आधी तुझ्या कंसातल्या वाक्याकडे येते. तुझ्या पत्रात मला सगळ्यात ठळक खटकलं ते तेच.

‘प्रार्थनेचा विषय’ या नावाखाली आपल्या चर्चच्या मंडळ्यांमध्ये किती जणींची अब्रू वेशीवर टांगली गेली, ते तुला मी सांगायला नको. ‘नाव नाही घेत हं, पण लक्षात ठेवा प्रार्थनेत’ असं म्हणत म्हणत आडनाव, मजला, सासर सगळं सांगून होतं. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हा ५अ हे कलम आलं. त्यानुसार कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही डॉक्टरने त्या बाईचं नाव किंवा तपशील सांगितला, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कलमात शब्द डॉक्टरचा आहे म्हणून नर्स मोकळी, असं मानू नकोस. तुम्हा मुलींना हातात दिवा देऊन जी शपथ घ्यायला लावतात, तिच्यातच पेशंटचं गुपित सांभाळायचं वचन आहे. त्या मुलीचं नाव संमतीच्या फॉर्मवर आणि अ‍ॅडमिशन रजिस्टरमध्ये असतं, केसपेपर आणि ओटीच्या रजिस्टरवर नुसता अनुक्रमांक जातो. एवढी काळजी घेतलेली गोष्ट तू चहाच्या कपाबरोबर काकूंच्या हातात दिलीस. आजच फोन कर आणि स्पष्ट सांग: ‘मी हे बोलायला नको होतं. बहिणीच्या कानावर घालू नका, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.’ काकू फुगतील. फुगू देत.

आता मूळ प्रश्न. मी स्वतः कुठे उभी आहे ते आधी सांगते, नाहीतर सल्ला देणारी बाई कुंपणावर बसून बोलतेय असं वाटेल. मी प्रॉटेस्टंट घरात वाढले. सासर ठाण्यातलं ईस्ट इंडियन (म्हणजे इथलेच मूळचे) कॅथलिक, आणि लग्न लागलं ते तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये. दोन्हीकडची प्रवचनं ऐकत म्हातारी व्हायला आले. पोटातलं मूल हे देवाने सुरू केलेलं आयुष्य आहे आणि ते आपल्या हाताने थांबवणं चूक आहे, गंभीर चूक आहे, असं मी मानते. बायबलमधलं १३९वं स्तोत्र आईच्या उदरात घडवणाऱ्या देवाबद्दल बोलतं. ते म्हणताना ‘पण दहा आठवड्यांचं असेल तर नाही’ असं पुटपुटणं मला जमत नाही. येशूची आई मरीया हिचा आवाज ऐकून तिच्या नात्यातल्या अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली, हे लूक लिहितो, तेही मला नुसतं काव्य वाटत नाही.

पण ज्या जोराने काकू ‘खून’ म्हणाल्या, त्या जोराने मला म्हणता येत नाही. गर्भपात करू नका अशी सरळ आज्ञा बायबलमध्ये कुठेच नाही. निर्गम २१ मध्ये मारामारीत गरोदर बाईला धक्का लागून गर्भ गेला तर काय, याचा नियम आहे. तिथे दंड सांगितलाय, आणि बाईला इजा झाली तर जिवाबद्दल जीव. त्या ओळींचा अर्थ काय लावायचा, यावर विद्वान आजही भांडतात. दुसऱ्या बाजूने, डिडाखे नावाची जी अगदी आरंभीच्या ख्रिस्ती लोकांची शिकवण आहे, तिच्यात गर्भपाताला स्पष्ट मनाई आहे. मग ऑगस्टीन या आरंभीच्या धर्मपंडिताने घडलेला गर्भ आणि न घडलेला गर्भ असा भेद केला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने अ‍ॅरिस्टॉटलच्या मागे जाऊन म्हटलं की मानवी आत्मा काही काळाने येतो. शिक्षेपुरता तो भेद कॅथलिक चर्चने पोप नववे पायस यांच्या काळात, १८६९ साली कायमचा काढून टाकला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये तर आजही जितके पंथ तितकी मतं. तेव्हा ‘दोन हजार वर्षं चर्च एकच सांगत आलंय’ हे अर्धंच खरं. चूक आहे हे कायम सांगितलं. खून कधीपासून म्हणायचं, यावर मत हलत राहिलं. ज्या गोष्टीवर ऑगस्टीन अडखळला, तिच्यावर तेवीस वर्षांची मुलगी सलाईन लावून घेताना अडखळली, तर तिला मी खुनी म्हणणार नाही.

नळीतल्या गर्भाचं तर काकूंनी निव्वळ अज्ञानातून ठोकून दिलं. तू नर्स आहेस, तुला मी काय शिकवायचं! नळीत रुजलेला गर्भ वाढूच शकत नाही. नळी फुटली की पोटात रक्तस्राव आणि तासाभरात बाई हातची जाते. तिथे निवड बाळ की आई अशी नसतेच; एक मरण की दोन, अशी असते. कॅथलिक पंडित इंजेक्शन द्यावं की नळी काढावी यावर वाद घालत बसतात, पण आईला वाचवू नका असं त्यांच्यातलाही कुणी म्हणत नाही. त्या रात्री थरथरत्या हातांनी तू एक जीव वाचवायला मदत केलीस. ते प्रार्थनेत सांगायचंच असेल तर उपकारस्तुती म्हणून सांग.

आणि या बाबतीत धर्माच्या नावाने हात आखडला की काय होतं, ते आपल्या शेजारच्या बेळगावच्या घराने भोगलंय. सविता हलप्पनवार, दातांची डॉक्टर, आयर्लंडमध्ये गॉलवेला राहत होती. ऑक्टोबर २०१२. सतरा आठवड्यांची गरोदर, गर्भपात आपोआप सुरू झालेला, मूल वाचणार नाही हे ठरलेलं. तिने सोडवा म्हणून विनवलं. बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टर थांबले. विष अंगभर पसरलं आणि एकतिसाव्या वर्षी ती गेली. ‘हा कॅथलिक देश आहे’ असं तिला वॉर्डात ऐकवलं गेलं. २०१८ साली त्या देशाने सार्वमत घेऊन राज्यघटनेतली ती बंदी काढली. गर्भपात चूक मानणारी मी, पण सविताच्या खाटेशेजारी उभी असते तर मला कुठलं स्तोत्र आठवलं असतं, सांगता येत नाही. आपल्या कायद्यात कलम ५ आहे, बाईचा जीव वाचवायला तातडीने करावा लागणारा गर्भपात आठवडे मोजत बसत नाही. त्या कलमाबद्दल मला ख्रिस्ती म्हणूनही समाधान वाटतं.

आता मला खरं बोलायचंय ते. एका मंडळीतली गोष्ट, नाव-गाव विचारू नकोस. क्वायरमध्ये आल्टो गाणारी मुलगी. लग्न ठरलेलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात कुणाला तरी संशय आला. पुढच्या रविवारी तिच्या बाकावर बसलेल्या बाईंनी मांडीवरची पर्स उचलून दोघींच्या मध्ये ठेवली. बस, एवढंच. कुणी एक शब्द बोललं नाही. मग सेक्रेटरींनी तिच्या वडिलांना बाजूला घेऊन सुचवलं की नाताळपर्यंत तिला क्वायरमधून ‘विश्रांती’ द्यावी. त्या बुधवारी आई तिला लोकलने दूरच्या एका नर्सिंग होममध्ये घेऊन गेली. पुढच्या महिन्यात त्याच वेदीवरून जीवनाच्या पावित्र्यावर प्रवचन झालं आणि सगळ्यात मोठा ‘आमेन’ पर्सवाल्या बाईंचा होता.

ते मूल कुणी मारलं, सिस्टर? डॉक्टरचं नाव घेणं सोपं आहे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू परूशांना, म्हणजे त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, जे सुनावतो ते काढून वाच: जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर ठेवतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत. गर्भपात पाप आहे असं जी मंडळी शिकवते, तिच्यावर पहिली जबाबदारी येते ती त्या बाईचे पुढचे सहा-सात महिने सोपे करण्याची.

हे आपल्याच महाराष्ट्रात झालंय, आणि करणारं जोडपं ख्रिस्ती नव्हतं. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं नाहीतर इथे ठेवून जावं. प्रवचन नाही, खाट, दाई आणि दोन वेळचं जेवण. तिथे जन्मलेलाच एक मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला कृपासदन काढलं, तीही त्याच जातीची कामगिरी, आणि ती मात्र आपल्या खात्यात धरता येते. आज कोपरखैरण्याच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या मंडळीने ठरवलं तर काय अवघड आहे? घणसोलीला एका खोलीचं सहा महिन्यांचं भाडं. बाळंतपणाचा खर्च. मुलीला मूल ठेवायचं नसेल तर बालकल्याण समितीपुढे रीतसर सोपवता येतं, आणि मन बदललं तर परत घ्यायला कायदा दोन महिने देतो. आणि हो, मुलाचा बाप कोण, त्यालाही कुणीतरी बाकावरून उठवून विचारायला हवं. माझ्या इतक्या वर्षांत पर्स कधी पुरुषाच्या शेजारी ठेवलेली मी पाहिली नाही. काकूंना विचार, खोलीच्या भाड्यात तुमचे किती? त्यांनी आकडा सांगितला तर त्यांचं मत मी आदराने ऐकेन.

तू सामील आहेस का? तुझ्या प्रार्थना गटात लवकरच कुणीतरी शिफ्रा आणि पुवा यांची गोष्ट काढेल, म्हणून आधीच बोलते. इजिप्तचा राजा फारो याने इब्री (यहुदी) सुइणींना सांगितलं, मुलगा झाला की मारा. त्यांनी देवाचं भय धरलं आणि मारलं नाही. तुझ्या पेशाच्या त्या मूळ आज्याच म्हण. पण गोष्ट नीट वाच. त्या राजाच्या जुलमापुढे उभ्या राहिल्या, बाळंतिणीच्या बाजूने. तुझं मनगट धरणारी ती मुलगी फारो नाही. आपल्याकडचा फारो निराळा असतो: दोन मुली असलेल्या सुनेला घेऊन येतो, कुठूनतरी तिसरीही मुलगीच असल्याचं ‘कळलेलं’ असतं, आणि फॉर्मवर सही करताना सून मान वर करत नाही. त्या फारोला मुलगे नको होते, ह्याला मुली नको असतात, एवढाच फरक. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, मग १९९४ चा केंद्राचा आला, तरी हा फारो संपला नाही. तिथे मात्र शिफ्रा हो. तिला एकटीला बाजूला घे, डॉक्टरांच्या कानावर घाल, दबाव दिसला तर तक्रार कर. त्या वेळी नोकरी गेली तरी चालेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगेन.

बाकी केसेसमध्ये मी रेघ अशी ओढते. मनाने त्यात असणं एक, आणि कामाने जवळ असणं दुसरं. सक्शनची ट्रॉली लावणं, ओटीत हातात अवजारं देणं, हे कामाच्या फार जवळ आहे. तुझं मन मानत नसेल तर त्यातून सूट माग, मीही मागितली असती. पण आधीचं बीपी, नंतरचं पॅड बदलणं, रक्तस्राव किती झाला ते बघणं, घोटभर पाणी देणं, रात्री तिने बेल दाबली तर जाणं, हे नाकारायचा हक्क ख्रिस्ती माणसाला नाही. येशूच्या दाखल्यात जखमी माणसाला पाहून रस्त्याच्या पलीकडून निघून जाणारे दोघेही धर्माचेच लोक होते. आणि ओटीत दुसरं कुणी नसताना रक्त थांबत नसेल, तर तुझी सूट त्या क्षणी संपली.

त्या मुलीला काय सांगायचं होतं? पाप-पुण्याचा निकाल घ्यायला ती तुझ्याकडे आली नव्हती. घाबरलेलं माणूस जे जवळ असेल त्याला धरतं, तसं तिने तुझं मनगट धरलं. तू आधी बसायचंस. मग विचारायचंस, ‘कुणी जबरदस्ती तर करत नाही ना? तुला स्वतःला हे करायचंय ना?’ हा प्रश्न धर्माचाही आहे आणि कायद्याचाही. अठरा पूर्ण झालेल्या बाईची एकटीची संमती पुरते. नवरा, बाप, प्रियकर कुणाच्याही सहीची गरज नाही, आणि कुणाच्या सहीने तिचा नकार पुसलाही जात नाही. लग्न झालेलं नसणं हीही आडकाठी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांचा हा हक्क स्पष्ट केला. ती ‘माहीत नाही’ म्हणाली तर सांगायचं, ‘मग आज नको. अजून वेळ आहे, मी डॉक्टरांना सांगते.’ संमतीच्या फॉर्म सीवर सही झाली म्हणजे दोर कापले गेले असं नसतं, टेबलावर जाईपर्यंत ती नाही म्हणू शकते, आणि हे तिला सांगणारं त्या खोलीत बहुतेक वेळा कुणीच नसतं. ती ‘हो, मलाच करायचंय’ म्हणाली आणि तरी तुझं मत विचारलं, तर खोटं बोलू नकोस: ‘मी ख्रिस्ती आहे, माझा विश्वास वेगळा आहे. पण आत्ता तू माझी पेशंट आहेस, मी तुला सोडून जात नाही. दुसरी सिस्टर हवी असेल तर बोलावते.’ यापुढे एक शब्द नको. पत्रक नको, बायबलचं वचन नको, ‘विचार कर गं अजून’ असं डोळ्यात पाणी आणून सांगणं तर नकोच. त्या टेबलाजवळ तुझ्या अंगावर गणवेश आहे, तिच्या अंगावर मागून उघडा गाऊन. बरोबरीचं बोलणं तिथे होत नाही.

आणि कुणी वाचकभगिनी हे वाचताना ‘माझं झालंय, दहा वर्षांपूर्वी’ असं मनात म्हणत असेल, तर तिच्यासाठी दोन ओळी. पूर्वी कॅथलिकांमध्ये या पापाची क्षमा द्यायला अनेक ठिकाणी बिशपची परवानगी लागायची. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये तो अधिकार कायमसाठी प्रत्येक फादरला दिला. आपल्या गल्लीतल्या चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी जाता येतं. प्रॉटेस्टंट असाल तर विश्वासातल्या पाळकाशी किंवा पाळकांच्या पत्नीशी बोला. प्रार्थना गटात मात्र नको, कारण वर सांगितलंच.

नोकरी. सोडू नकोस, निदान आत्ता. तुझ्यासारखं मन थरथरणारी सिस्टर त्या वॉर्डातून गेली की तिथे कोण उरेल याचा विचार कर. पण तोंडी कुरकुरही करू नकोस. आपल्या गर्भपात कायद्यात कर्मचाऱ्याला विवेकाच्या कारणाने सूट देणारं वेगळं कलम नाही, म्हणजे हे सगळं तुझ्या आणि मेट्रनच्या समजुतीवर आहे. आणि समजूत कागदावर असली की टिकते. चार ओळींचा अर्ज दे: धार्मिक श्रद्धेमुळे ठरवून केल्या जाणाऱ्या गर्भपातात ओटीत असिस्ट करण्यातून मला सूट मिळावी, तातडीच्या प्रत्येक केसमध्ये, तसंच आधीच्या आणि नंतरच्या शुश्रूषेत मी पूर्ण काम करेन, बदल्यात जास्तीच्या नाईट किंवा रविवारची ड्युटी घ्यायला तयार आहे. शेवटचं वाक्य गाळू नकोस. तुझ्या विवेकाचं ओझं शेजारच्या सिस्टरच्या गळ्यात पडणार असेल तर तिला काहीतरी परत मिळायला हवं, आणि रविवारची उपासना महिन्यातून दोनदा चुकली तर देव समजून घेईल. अर्जाची पोच घे, तारीख टाकून.

मेट्रननी हो म्हटलं तर प्रश्न मिटला. नाही म्हटलं तर आधी जनरल वॉर्डला परत बदली माग, तिथे तू आधी होतीसच. तीही नाकारली तर मला पुन्हा लिही. वाशी-नेरूळ पट्ट्यात अनुभवी नर्स दारात आली की तिला कुणी परत पाठवत नाही, तेव्हा हप्त्याचं गणित नवऱ्याला घेऊन मांडू.